वसंताचं ऊन

वसंता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. फोन त्याचा धाकटा भाऊ नामदेव याचा होता. "मास्तर, दादा गेला," एवढंच तो बोलला. मी हातातली उत्तरपत्रिका पूर्ण तपासली, गुण लिहिले आणि मग मुख्याध्यापकांना सांगून राळेगावची बस धरली. असं का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. दीड वर्षापासून हे होणार हे ठाऊक होतं, एवढंच.

वसंता जन्मतःच पांढरा होता. कातडी, केस, भुवया, पापण्या... सगळंच. त्याच्या अंगात रंगच तयार होत नव्हता, आणि कापूस-सोयाबीनची शेती असलेल्या घरात असं पोर जन्माला येणं म्हणजे काय, हे कोणालाच कळलं नव्हतं. गाव त्याला भुऱ्या म्हणायचं. आम्ही पाचवीत होतो तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत बापानं त्याला बकऱ्या घेऊन माळावर पाठवलं. चौथ्या दिवशी त्याच्या मानेवर, कानांवर पाण्यानं भरलेले फोड आले. आईनं लोणी लावलं, बापानं फोड बरे होताच पुन्हा माळावर धाडलं. बाप वाईट नव्हता. ऊन लागून लागून अंग निबर होतं, अशी त्याची खरोखरची समजूत होती.

विशी ओलांडल्यावर वसंता स्वतःच यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, मोठी टोपी आणि उन्हापासून वाचवणारं मलम सांगितलं. त्या काळचं ते मलम चेहऱ्यावर चुन्यासारखं दिसायचं. चहाच्या टपरीवर लोक विचारत, "काहून बे, पावडर लावून राह्यला? पाहाले येऊन राह्यले का तुले?" वसंता शांतपणे सांगायचा, "उन्हाले थोडीच समजते गा, बाई कोण अन् माणूस कोण." शेत नामदेवकडे गेलं आणि वसंतानं पिठाची गिरणी टाकली. तिथं सावली होती. "अन् गिरणीत सगळेच पांढरे," असंही तो म्हणायचा.

माझं लग्न बोरी अरबला झालं, मे महिन्यात, भर दुपारी. वसंता वरातीत आला तो टोपी घालून, चेहऱ्यावर मलम थापून. फोटोच्या वेळी माझे मामा सर्वांसमक्ष म्हणाले, "हे तोंड धू आधी. लग्न आहे का तमाशा?" वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मी हार सारखा केला. त्यानं टोपी काढली, टाकीवर जाऊन तोंड धुतलं आणि पुढचे दोन तास तो मांडवाबाहेर तसाच उभा राहिला. पंधरा दिवस त्याच्या चेहऱ्याची सालं निघत होती. नवरदेवाला कुठं बोलायला सवड असते, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यानं तो विषय कधीच काढला नाही.

पुढे त्याचं शोभाशी लग्न झालं, संसार झाला. दळण घेऊन येणाऱ्या गड्यांना तो सांगत बसायचा... फवारणीला उघड्या अंगानं जाऊ नका, घरून निघायच्या आधी मलम लावा, दोन तासांनी पुन्हा लावा, कमी लावणं म्हणजे न लावणं. त्याचं कोणी ऐकलं, असं मी म्हणणार नाही. दाढी तो रोज करायचा, पण संध्याकाळी. ताज्या दाढीवर ऊन लागलं की आग होते म्हणून. त्याची नजरही जन्मापासून अधू असल्यानं आरशाचा उपयोग नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत तो ब्लेड फिरवायचा.

म्हणूनच फसगत झाली. उजव्या कानाच्या पाळीवर, कल्ल्याजवळ, छोटी जखम दिसली तेव्हा तो म्हणाला, "ब्लेड लागलं." मी वाकून पाहिलं. माझी नजर चांगली आहे. मीही म्हणालो, "ब्लेडच दिसतं." ती जखम सात महिने भरली नाही. खपली धरायची, निघायची. नागपूरला तुकडा तपासला तेव्हा कर्करोग निघाला. अर्धा कान काढला, पण तोवर रोग मानेच्या गाठींत उतरला होता. शेवटच्या भेटीत मी म्हणालो, "मी तेव्हाच तुले डॉक्टरकडे न्याले पाहिजे होतं." तो म्हणाला, "मलेच दुखत नव्हतं, तुले काय दिसन?" मग गिरणीचा पट्टा बदलून झाला का, ते त्यानं विचारलं.

दहाव्याला नदीवर गेलो. चैत्र लागलेला, अकरा वाजताच वाळू तापली होती. नामदेव आणि भावकीतले सहा-सात जण ओळीनं बसले, न्हाव्यानं डोकी-मिशा उतरवल्या. झाडाखाली बायकांत बसलेली शोभा उठली आणि पिशवीतून मलमाची बाटली काढून तिनं नामदेवपुढे ठेवली.

"लावा, भाऊजी. डोकं उघडं आहे."

कोणी हसलं नाही. नामदेवनं विचारलं, "किती घेऊ?"

"भरपूर घ्या."

त्यानं दोन्ही हातांनी डोक्याला, मानेला चोळलं आणि बाटली पुढच्याकडे दिली. ती ओळीनं फिरली. शोभा बघत उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, त्याईचे कान राह्यले. मले नाही लावता येत. तुम्ही लावून द्या."

मी नामदेवच्या मागे वाळूत बसलो आणि त्याच्या दोन्ही कानांना, पाळीच्या मागेही, मलम लावलं. कान चांगलेच तापले होते. तो मान खाली घालून रडत होता. माझं होईपर्यंत त्यानं डोकं हलवलं नाही.