जिन्यावरून पडणारी

नायिकेच्या जागी मार खाणं, हे तिचं बारा वर्षांचं काम. या वेळी नायकाने तिला केसांना धरून जिन्यावरून लोटलं आणि तिचा खांदाच निखळला. दिग्दर्शक म्हणाला, "झकास. लोक शिट्ट्या मारतील."

चित्रपट लागल्यावर ती धाकट्या बहिणीला घेऊन गेली. त्या प्रसंगाला सगळं थिएटर टाळ्या पिटू लागलं, बहीणसुद्धा.

"अगं, ती पडतेय ती मी आहे," ती म्हणाली.

"माहितेय गं ताई. पण ती बया होतीच उर्मट. तिला असंच पाहिजे होतं."

"आणि माझा खांदा?"

"तू कशाला मनाला लावून घेतेस? खोटंच असतं सगळं."

ती तडक उठली आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर पडली. बहीण शेवटपर्यंत बसली. त्यानंतर तिने बहिणीला दारात उभं केलं नाही.