कपडेपटाच्या मावशी आणि पेटीतला सुगंध

नाटक कंपनीच्या कपडेपटाच्या मावशींसाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही, पण त्यांच्या सुईशिवाय एकही राजा सिंहासनावर बसला नसता. दातांत टाचण्या धरून बोलत बोलत त्या दोन प्रवेशांच्या मध्ये भिकाऱ्याचा सरदार करून मोकळ्या व्हायच्या.

त्यांचा एक दंडक होता. इस्त्रीआधी प्रत्येक खिसा रिकामा करायचा आणि सापडेल ते गुपचूप ज्याचं त्याला द्यायचं. त्यात प्रेमपत्रं निघाली, एकदा कवळीही निघाली, पण मावशींच्या तोंडून चकार शब्द कधी बाहेर पडला नाही.

राजपुत्राचं काम करणाऱ्या पोराच्या डगल्यात एकदा चकचकीत पाकीट निघालं. आत हिरवट चुरा, वर छापलेलं : 'फक्त सुगंधासाठी. सेवन करू नये.'

"माझ्या घामट पेटीसाठी आणलंस होय रे?" मावशी हरखल्या. "नाहीतर बाकीचे. नुसते घाम गाळून जातात."

पोराने पटकन हो म्हटलं. मावशींनी त्याच्यादेखत सगळा चुरा कपड्यांच्या पेटीत पसरला. मग कितीतरी प्रयोग अख्ख्या दरबाराला उग्र पाल्याचा वास येत होता.

पुढे एका दुपारच्या प्रयोगाला, दुसऱ्या अंकाच्या तोंडावर, पोरगा विंगेत भिंतीला चिकटून उभा राहिला. "मावशी, ते सगळे मला धरायला आलेत," म्हणाला. समोर तर नुसते प्रेक्षक बसले होते. अंग तापलेलं, छाती धडधडत होती. बघता बघता त्याला आकडी आली. मावशींनी डगल्याची बटणं सोडली आणि हाताला तसंच पाकीट लागलं, अर्धं रिकामं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

वाटेत मावशींनी कंपनीच्या व्यवस्थापकांना पाकीट दाखवलं आणि पेटीतल्या चुऱ्याचंही सांगितलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याने काय घेतलंय?"

"उपाशी होता, चक्कर आली," व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले. मग मावशींच्या कानाशी लागले, "तोंड उघडू नका. पोलीस आले तर कंपनीला टाळं लागेल. आणि तुमच्या पेटीत काय आहे, विसरलात?"

 म्हातारपणी बेड्या पडणार असं मावशींना वाटलं. पण आतल्या खाटेवर पोराचे दात कडकड वाजत होते. जन्मभर पाळलेला दंडक त्यांनी इस्पितळाच्या बाकावर मोडला आणि पाकीट डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "हा साधा पाला. त्यावर कारखान्यात बनवलेलं रसायन फवारतात. गांजासारखंच म्हणून विकतात, पण कितीतरी जास्त जहाल असतं. एका पाकिटात चिमूटभर, दुसऱ्यात जीवघेणं, आणि वरचं चित्र तेच. नेहमीच्या तपासणीत ते बहुधा सापडतही नाही. मी मेंदूला मार लागलाय का ते शोधत बसले असते."

"पण दुकानात उघड मिळतं म्हणे," मावशी चाचरल्या.

"कायदा एकावर बंदी आणतो, हे लोक थोडा बदल करून दुसरं आणतात. आता आपल्याकडे त्या सगळ्या कुळावरच बंदी आहे. सुगंधाचं नाव दिलं म्हणून सुटका नाही."

पोलीस आले. पेटीतला चुरा जप्त झाला, मावशींचा जबाब झाला. फौजदार हसू दाबत म्हणाला, "आजी, यापुढे डांबराच्या गोळ्या वापरा." पोराचा पहिलाच गुन्हा, म्हणून न्यायालयाने त्याला उपचारांना धाडलं. कंपनीला टाळं काही लागलं नाही.

उपचार संपवून तो परतला तो रोडावलेला. वाट्याला द्वारपालाचं काम आलं होतं. मावशी माप घ्यायला उभ्या राहिल्या.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर..."

"हात वर कर. पोट आत ओढू नकोस, लबाडा."

"मला तुमचे आभार मानायचेत."

"त्या डॉक्टरीणबाईंचे मान. आणि श्वास घे, नीट."

त्याने श्वास घेतला. मावशींच्या हातातली फीत छातीबरोबर फुगली, सैल झाली, पुन्हा फुगली. माप केव्हाच मिळालं होतं. तरी त्यांनी फीत काढली नाही.