मूठभर कणीक

आज तव्यावरची भाकरी पुन्हा कडेनं चिरली, करपल्याचा वास सुटला आणि मला आक्का आठवल्या.

माझ्या लेकीला, सईला, सेलिएक आहे. गव्हाचा कणही तिला चालत नाही. म्हणून जिथं गहू दळतच नाहीत अशा गडमुडशिंगीच्या गिरणीतून आम्ही महिन्याची ज्वारी एकदम दळून आणतो. पण पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. सई पहिलीत होती तेव्हा तसले तुकडे रडतकुढत गिळायची.

तेव्हाच एकदा आक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, आल्या आणि थेट परातीशी बसल्या. भाकरी टम्म फुगली. सईनं ती पांढऱ्या रश्श्यात कुस्करून खाल्ली, वर आणखी मागितली. "आई, तुला का येत नाही अशी?"

मीही कौतुकानं विचारलं, काय केलंत?

"विरीच न्हाय की गं तुझ्या पिठात. मूठभर कणीक घातली."

"आक्का, गहू चालत नाही तिला. कितीदा सांगितलंय."

"मग चपाती कुठं दिली? भाकरीच हाय की ती."

पुढचे काही दिवस सई पोट धरून लोळत होती. आक्का उशाशी बसून तिची दृष्ट काढत होत्या.

आता सई कॉलेजात जाते. आवडीचं काय, असं कुणी विचारलं की अजून म्हणते, "आक्काआत्याची भाकरी." ते लोळणं तिला आठवतसुद्धा नाही. आणि मी इथं रोज ओल्या बोटानं चिरा सांधत बसते.