अन्वरने न पाहिलेला हंगाम

अन्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाईला मुलीच्या सासरी होतो. नातवाच्या नामकरणासाठी आदल्या दिवशीच आलो होतो. घरात पाहुण्यांची वर्दळ होती. हातात चहाचा कप होता आणि फोनवर बाळूचं नाव दिसलं. बाळू कोळेकर, आमच्या मळीवाडी फुटबॉल संघाचा गेल्या हंगामातला कप्तान. त्याने एवढंच म्हटलं, "काका, सर गेलं..." आणि नाक ओढलं. मग म्हणाला, "सांजच्या आधी, असरच्या नमाजनंतर माती हाय. पोचताय का तुमी?" मी कप तसाच ओट्यावर ठेवला, मुलीला जवळ बोलावून सांगितलं आणि स्टँड गाठला. साताऱ्याला गाडी बदलायची होती. तिथल्या स्टँडवर उभा असताना सारखं मनात येत होतं, याच गावात उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही चषक जिंकला होता. याच स्टँडबाहेर पोरांनी उसाचा रस प्यायला होता आणि अन्वरने तो प्यायला नव्हता. "पोट बरं न्हाई," म्हणाला होता. मी त्याला हसलो होतो... फायनल जिंकलेल्या माणसाचं पोट बरं नाही म्हणजे काय, म्हणून.

अन्वर पिंजारी सांगलीतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होता. त्याचे वडील गाद्या-उशा भरायचे. लहानपणी अन्वरच्या केसांत कायम कापूस अडकलेला असायचा. मी पलीकडच्या वस्तीतला. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या घरात मक्केचा, आणि दोन्ही घरांना चेंडूचं तितकंच वावडं. कृष्णेकाठच्या मळीत, जिथे पुराचा गाळ वाळून जमीन सपाट व्हायची, तिथे आम्ही खेळायला लागलो. त्यावरूनच संघाचं नाव मळीवाडी पडलं. अन्वर स्टॉपर आणि मी गोलकीपर. तो पुढे उभा असला की मला फारसं काम नसायचं. तो फार बोलायचा नाही, मागे वळून नुसता बघायचा, आणि मी कुठे चुकीचा उभा आहे ते मला कळायचं. पुढे त्याचा गुडघा गेला. मी औषधाचं दुकान टाकलं. खेळ सुटला तरी संघ सुटला नाही. तो प्रशिक्षक झाला आणि मी चिटणीस, म्हणजे जर्सी धुवायला टाकण्यापासून रेफ्रीला पाणी देण्यापर्यंत सगळं.

वर्षानुवर्षं आम्ही हरलो. पहिल्या फेरीत, फार तर दुसऱ्या. कोल्हापूरच्या संघांपुढे आमची पोरं उभी राहिली की प्रेक्षक आधीच उठायला लागायचे. मग अन्वरला बाळू सापडला. जतच्या बाजूला शालेय स्पर्धांना पंच म्हणून गेला होता, तिथे हा धनगराचा पोरगा अनवाणी पळताना त्याने पाहिला. आई-बापाशी बोलला. त्यांचं निम्मं बोलणं कानडीत, ह्याला कानडी येत नाही. तरी काहीतरी ठरलं आणि बाळू सांगलीला अन्वरच्या घरी राहायला आला. शकीलाभाभीने त्याला आपल्या पोरासारखं जेवू घातलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मी इथे लिहितोय ते भाभींची परवानगी घेऊनच. बाळूभोवती संघ बांधला गेला. गेल्या हंगामात तो संघ असा काही जमून आला की पाहणाऱ्याला वाटावं, ही पोरं एकमेकांच्या डोक्यातलं ऐकतायत.

साताऱ्याच्या फायनलला समोर कोल्हापूरचाच संघ होता. आम्ही एका गोलने जिंकलो. बाळूनेच मारला. पोरांनी अन्वरला खांद्यावर घ्यायला उचललं तर तो ओरडला. आनंदाची आरोळी नव्हती ती. पोरांनी घाबरून खाली ठेवला तर म्हणाला, "गुदगुल्या हुत्यात रं." सगळे हसले. सांगलीत हलगी लावून, गुलाल उधळत ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. चौकाचौकांत फलक लागले. या विजयाने आम्हाला पुढच्या हंगामात वरच्या गटात खेळायला मिळणार होतं. त्यामुळे जो भेटेल तो एकच विचारायचा, "पुढच्या वर्षी काय?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "आता मळीवाडीला कोण अडवतंय!" त्या ट्रॉलीत अन्वर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला मैदानावर बोलावलं. दोघेच होतो. तो गोलपोस्टला टेकून बसला आणि म्हणाला, "दिल्या, मोठ्या आतड्यात गाठ हाय. वाईट हाय."

"कवा कळलं?"

"थंडीत."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"लगीच कापू म्हनले. मी म्हनलो, मॅचा हायत."

माझं औषधाचं दुकान त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. इतके महिने त्याने वेदनेच्या गोळ्या मिरजेहून आणल्या होत्या, मला कळू नये म्हणून. मी त्याला शिव्या घातल्या. त्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "गड्या, अशी टीम एकदाच घडती. औंदा न्हाई तर कवाच न्हाई. पुढच्या साली ही पोरं हितं न्हाईत ऱ्हानार, बग तू."

गेले काही आठवडे मी यावर विचार करतोय. त्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतात. काय माणूस, खेळासाठी जीव दिला, असं म्हणतात. मला ते ऐकवत नाही. एक चषक आणि एक माणूस यांची तुलनाच होऊ शकत नाही. तो चुकला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण त्याने ते का केलं, ते मात्र नंतर कळलं.

ऑपरेशन मिरजेत झालं. भाभींना त्याने सांगितलं होतं की डॉक्टरांनीच उन्हाळ्यातली तारीख दिली आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, पसरलंय, थंडीत केलं असतं तर बोलण्यासारखं काही उरलं असतं. भाभी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमाला म्हाईत हुतं?"

"नव्हतं, भाभी. जिंकल्यावर सांगितलं त्याने."

"म्हंजी निस्त्या त्या कपाला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

चषक तोवर त्यांच्याच घरी होता. त्या संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांनी तो उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला आणि पोरांना निरोप धाडला, घेऊन जा. पोरं येऊन मान खाली घालून घेऊन गेली. तेव्हापासून तो माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाईकं त्याच्यासोबत फोटो काढतात. मी नाही म्हणत नाही.

मग पोरं फुटायला लागली. कोल्हापूरच्या संघांनी फायनल पाहिली होतीच. आधी डावा बॅक गेला, मग पुढच्या फळीतला एक. त्यांनी फोनवरच कळवलं, तेही मला. अन्वरला सांगायची हिंमत कुणाची झाली नाही. बाळू मात्र स्वतः सांगायला आला. मी तिथेच होतो. अन्वर खाटेवर होता, पार वाळला होता. बाळू खोलीच्या दारातच उभा राहिला, आत येईना.

"कोन बोलावतंय?" अन्वरने स्वतःच विचारलं.

बाळूने नाव सांगितलं. मोठा संघ. तिथून खेळणारी पोरं राज्याच्या संघात जातात, बाहेर जातात. "पर मी न्हाई म्हनून सांगतो, सर. तुमी असं असताना..."

"मी मरनार हाय. त्याला तुज्याकडं काय इलाज हाय का?"

बाळू रडायला लागला. अन्वरने डोळे मिटले आणि म्हणाला, "जा. आनि तिकडं मागं बगत खेळू नगंस."

आत स्वयंपाकघरात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. भाभी बाहेर आल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना अन्वरवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "जा म्हनताय? सोताच्या तोंडानं? ह्याच्यासाठी दवाखाना लांबवला तुमी? ह्या पोरानं कप जिंकून दुसऱ्याच्या दारात जावं म्हनून?"

बाळू भिंतीला चिकटून उभा. अन्वरने डोळे उघडले आणि म्हणाला, "व्हय. ह्याच्यासाठीच."

भाभी तिथेच जमिनीवर बसल्या. अन्वर थांबत थांबत बोलत राहिला. आपल्या संघातून आजवर एकही पोरगा वर गेला नाही. दरवर्षी पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाचा स्टॉपर किती चांगला आहे हे बघायला कुणी येत नाही. तो स्वतः तसाच राहिला. फायनल खेळल्याशिवाय बाळू कुणाच्या नजरेला पडला नसता, आणि त्याच वेळी प्रशिक्षक दवाखान्यात गेला असता तर संघ उपांत्य फेरीतच विस्कटला असता. "शकीला, मला कप नको हुता," तो म्हणाला, "ह्याला बगायला मानसं पायजे हुती." बाळू पाया पडला आणि गेला. भाभी उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. मलाही पटलं नाही. पण त्यानंतर मी त्याच्याशी त्या विषयावर भांडलो नाही.

उरलेले दिवस आम्ही पुढच्या हंगामाबद्दल बोलायचो. दुसरं काय बोलणार होतो? संघात आता निम्मे शाळकरी होते. वरच्या गटात आमच्यासमोर जे येणार होते त्यांची नावं पोरं हळू आवाजात घ्यायची. गावात फलक अजून तसेच होते, उन्हाने रंग उडालेले, आणि लोकांचं "कोण अडवतंय" चालूच होतं. मी एकदा त्याला सरळ विचारलं, "अन्वर, आपलं काय होणार?"

"हरनार."

"खाली जाऊ परत?"

"भौतेक." थोडा दम खाऊन म्हणाला, "लय हरनार, दिल्या. पोरांस्नी आधीच सांगून ठेव. जिंकनार हाय असं सांगून मैदानात घालू नगंस."

त्याला खोटा दिलासा देता यायचा नाही, स्वतःलाही नाही. सराव मी घ्यायला लागलो. मला तो येत नाही. मी गोलकीपर, तोही कधीकाळचा. संध्याकाळी सरावाचे व्हिडिओ काढून त्याला पाठवायचो आणि तो आवाज रेकॉर्ड करून उलट पाठवायचा. "डावीकडचा झोपलाय." "त्या उंच पोराला मागं आन." "पळवू नगंस एवढं, पावलं बग त्येंची." हळूहळू निरोप आखूड होत गेले. नंतर फक्त एखादं नाव यायचं, आणि ते घेताना त्याला किती कष्ट पडतायत ते ऐकू यायचं. वाईला निघायच्या आदल्या दिवशी मी व्हिडिओ पाठवला होता. त्याने तो उघडलेला दिसत होता. उत्तर आलं नव्हतं.

मी कब्रस्तानात पोचलो तेव्हा नमाज होऊन गेली होती, पण माती द्यायची होती. कबरीत उतरून त्याला खाली घेणाऱ्यांत बाळू होता. अन्वरच्या भावाने त्याला हाक मारून पुढे घेतलं होतं. धनगराचा पोरगा, कपाळावर भंडारा लागलेला, कुणी काही म्हटलं नाही. गेल्या हंगामातले सगळे आले होते, गेलेले आणि राहिलेले. माती देऊन झाल्यावर ते एका ओळीत उभे राहिले, मैदानात राहतात तसे, आणि मग काय करायचं ते कुणालाच सुचेना.

गेल्या रविवारी नव्या हंगामाची पहिली मॅच झाली. आम्ही तीन-शून्यने हरलो. तिसरा गोल पडला तेव्हा उंच पोरगा, ज्याला अन्वरने मागे आणायला सांगितलं होतं, जाळीत जाऊन चेंडू घेऊन मधोमध ठेवून आला. कुणी रडलं नाही. आधी सांगून ठेवलं होतं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "कप परत द्या!" आणि हशा पिकला.

संध्याकाळी मी भाभींकडे गेलो. नवऱ्यामागची इद्दत चालू आहे, त्या बाहेर पडत नाहीत, भेटणारेही मोजकेच. मी पुढचं दार वाजवलं. आतून नणंदेला सांगितल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "भाभी म्हनत्यात, मागनं या." मी गल्लीतून वळसा घालून मागे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. पडद्याआडून भाभींनी विचारलं, "हरलं न्हवं?"

"हरलो. कसं कळलं?"

"कळतंयच की, गल्लीत कुनाशी बोलल्याचा आवाज न्हाई आला तुमचा. जिंकलं की हे पुढनं यायचे, गल्लीतल्या सगळ्यांशी बोलत बोलत. हरलं की मागनं. चपला हातात घिऊन. मला वाटायचं, मला कळू नये म्हनून. तर तसं न्हवतं, त्येंना लोकांची तोंडं बगवायची न्हाईत. म्हनून मॅच असली की ह्या दाराला कडी घालत न्हवते मी. कवा बी. आज बी हात तिकडं गेला, आनि घातली न्हाई."

तीस-पस्तीस वर्षं मी त्या घरात येत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. नणंदेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी प्यालो. मग मॅच सांगत बसलो, कोण कुठे चुकलं, तिसरा गोल कसा बसला. पडद्यामागे त्या ऐकत होत्या. उठताना मी विचारलं, "दार ओढून घेऊ का?"

"ऱ्हाऊ द्या," भाभी म्हणाल्या. "पुढची मॅच कवा हाय?"