बिघडलेले फोटो

शाहूपुरीतल्या एका कॅमेरा दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या चांगल्या फोटोंत रस नाही. कोणी महागडी लेन्स मागितली की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "चांगलं ऱ्हाऊ द्या, बिघडल्यालं दावा."

कमी उजेडातही धावता खेळाडू टिपणारी झूम लेन्स घ्यावी की नाही, हे विचारायला मी गेलो होतो. संध्याकाळच्या फुटबॉल सामन्याचे अस्पष्ट फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

"पावणं, गोलपोस्टबी हललाय की! त्योपण पळत हुता व्हय?" ते म्हणाले. "हात हलतोय तुमचा. लेन्स काय करंल?"

दुकानातली माणसं हसली. लेन्स कपाटातच राहिली.

हात स्थिर ठेवण्याचा हंगामभर सराव करून मी नवे फोटो घेऊन पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी एकच फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. गोलपोस्ट रेखीव होता, झेपावणारा गोलकीपर मात्र पुसट.

"हात दगडागत हाय!" शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते म्हणाले. "आता तुमच्या लेन्सची काच कमी पडतीय. घ्या बिनघोर." कपाट उघडून त्यांनी लेन्स स्वतः माझ्या कॅमेऱ्याला बसवली.

किंमत ऐकूनही मी घासाघीस केली नाही.