मी घेतलेल्या टेस्टमधली पिवळी रेघ

भूत-बित, करणी-बिरणी असलं मी कधी मानलं नाही. मुखेडच्या बाजारात लिंबू-मिरच्या बांधणाऱ्यांना चिडवण्यात माझं अर्धं लहानपण गेलं. पण आता माझ्याच बाबतीत जे चाललंय ते कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहितोय. हसायचं तर हसा.

मी नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो. दुसऱ्या ग्रहावर यान उतरतं तेव्हा त्याच्या पुढची हवा इतकी तापते, की नुसत्या तिच्या उजेडानंच यान भाजून निघतं. ती धग आम्ही मोजतो. लांबलचक स्टीलची नळी, आत यानाचं सुपारीएवढं मॉडेल. दाबानं नळीतला पातळ पत्रा फुटतो, धाड्‌ आवाज, तापलेली हवा मॉडेलवर आदळते, क्षणभर झगझगाट — आणि त्या उजेडातले रंग कॉम्प्युटरवर रेघांसारखे दिसतात. मिठाचा कण जरी आत गेला तरी पिवळी रेघ उमटते, टेस्ट वाया. म्हणून मॉडेलला उघडा हात लावायचा नाही.

मी लावला. खारे शेंगदाणे खाता खाता, ग्लोव्हज न घालता. आळस, दुसरं काय!

रेघ आली. लॅबचे सर भडकले. आमचे जुने टेक्निशियन मन्मथअप्पा मुरुडचे, लिंगायत. पूजा करून, कपाळावर विभूती लावूनच कामाला यायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, अप्पांची विभूती पडली असेल आत." सरांना ते पटलं. अप्पा एक शब्द बोलले नाहीत. महिनाअखेरीला त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डबा घेऊन निघाले तेव्हा मी तोंड फिरवून बसलो. असा नालायक मी.

तेव्हापासून मी घेतलेल्या प्रत्येक टेस्टला पिवळी रेघ येते. नळी स्पिरिटनं पुसली, नवे ग्लोव्हज, नवं मॉडेल... शेवटी मॉडेलच ठेवलं नाही. तरी आली! माझी सहकारी फरीदा तेच सामान वापरते, तिची टेस्ट एकदम साफ. एकदा तिनं सगळं बसवलं आणि मी फक्त बटण दाबलं. रेघ.

"या अल्ला! तुझ्या बोटात मीठ भरलंय का रे?" ती हसत म्हणाली. मी हात खिशात घातले.

मागच्या रविवारी मुरुडला गेलो. अप्पा ओसरीवर तूर निवडत होते. पाया पडलो आणि सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय की," अप्पा म्हणाले. "शेंगदाण्याचा वास येत हुता तुझ्या हाताला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो, बाबा."

लाजेनं माझी मान वर होईना. कसंबसं म्हणालो, "माफ करा, अप्पा."

"केलं माफ. च्या घे. पर मला सांगून काय होतंय? सरांना अजून वाटतंय ना, अप्पानं राख सांडली म्हणून?"

आज सकाळी पुन्हा टेस्ट घेतली. रेघ होतीच. मिठाशिवाय ती कुठून येते, याचं उत्तर ना फरीदाकडे, ना माझ्याकडे. दुपारी उठून सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो...

"काय रे, काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

"नाही सर," म्हणालो.