दाढदुखीचा बाक

सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांच्या शेजारीच मनाच्या डॉक्टरांची खोली आहे. तिच्यासमोरचा बाक कायम रिकामा असतो. गर्दी सगळी दातांच्या बाकावर.

परवा तिथं आमच्या गल्लीतल्या सुलभावहिनी गालाला पदर लावून बसलेल्या दिसल्या. मला संशय आला. आदल्याच दिवशी त्या दारात बसून कडक चकली खात होत्या.

"दाढ हो," त्या न विचारताच म्हणाल्या आणि माझ्याकडे रोखून बघू लागल्या. "तुमचं काय, भावजी?"

"माझीही दाढच."

आम्ही दोघं गाल धरून एकमेकांवर नजर ठेवत बसलो. वहिनी गल्लीत जाऊन काय सांगतील? गल्लीतला एक जण गेल्या वर्षी स्वतःहून जग सोडून गेला. तो शेवटपर्यंत 'पोट दुखतंय' एवढंच म्हणायचा, आणि आम्ही त्याला ओवा खायला सांगायचो.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं. "इकडं कुणी आहे का?" नर्सबाईंनी विचारलं. कुणीच हललं नाही. त्या दार लोटू लागल्या.

वहिनींनी गालावरचा पदर खाली घेतला.

"भावजी, उठा ना," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही उठलात तर मलाही उठवेल."